फोटोंची पंगत

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, आडनावसुद्धा विचारलं नाही. भाडेकरूला आडनाव न विचारणारी घरमालकीण जुन्या जालन्यात तरी मी तोवर पाहिली नव्हती. त्या ओट्यावर बसून एका जुनाट कॅमेऱ्याचा भाता मऊ फडक्यानं पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गल्लीच्या तोंडापासून चालत आली न्हवं? मंग काय काय दिसलं ते सांग."

मला वाटलं, म्हातारीला कमी दिसत असावं. म्हटलं, धान्याच्या दुकानापुढं एक हमाल पोत्यावर झोपलाय आणि त्याच्या पोटावर एक मांजर झोपलंय.

बाईंनी मान वर केली. "मांजर कोणत्या रंगाचं?"

"पोत्याच्याच रंगाचं."

"चल, खोली दाखवते," त्या म्हणाल्या. ठरलं! भाडं किती हे मला सामान लावून झाल्यावर कळलं.

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवी नवी कार्यालयं निघत होती आणि त्यातल्या एकात मला टंकलेखनाची नोकरी लागली होती. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. तिथून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं, म्हणून खोली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीला होकार दिला होता तो लग्न जमेपर्यंत या अटीवर. त्यामुळं त्या खोलीत मी राहत होते खरी, पण पिशवी भरूनच ठेवल्यासारखी.

बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. शिकल्या हैदराबादला, त्यामुळं बोलण्यात 'बिलकुल' आणि 'बराबर' यांची पेरणी सतत चाललेली. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सवड भेटली न्हाई." अर्धी गल्ली त्यांच्या हातावर जन्मलेली. मिशीला पीळ देत चाललेला एखादा पुढारी ओट्यासमोरून गेला की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "काय रे, पायाळू! तुझ्या मायला दोन रात्री झोपू दिलं न्हाई तू." तो पुढारी मिशी सोडून पाया पडायला यायचा. पोलीसपाटील असो की वकील, बाईंच्या लेखी जगात फक्त दोन जातीची माणसं होती, सरळ आलेली आणि उलटी आलेली.

कॅमेरा त्यांना एका डॉक्टरांनी बदलीवर जाताना दिला होता. घडीचा, पेटीसारखा मिटणारा, पुढचा कातडी घड्यांचा भाता बाहेर ओढायचा. तेव्हाही तो जुनापुराणाच होता. भात्याला बारीक छिद्रं पडली की बाई दवाखान्यातली चिकटपट्टी लावायच्या. होता होता त्या भात्यावर कातड्यापेक्षा पट्ट्याच जास्त झाल्या होत्या. "पेशंट जुना हाय, पण श्वास बराबर घेतो," असं त्या म्हणायच्या.

घरात उजेड कमी असला की कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तो वेळ बाई स्वतःच्या नाडीवर मोजायच्या. एका हातानं खटका दाबलेला, दुसऱ्या हाताची बोटं त्या पहिल्या हाताच्या मनगटावर आणि चेहरा असा की समोर बसलेल्याला वाटावं, आपलंच काहीतरी गंभीर आहे. जिना चढून आल्या की आधी खुर्चीवर स्वस्थ बसायच्या, कारण नाडी पळत असली तर झडप लवकर मिटते आणि फोटो काळा येतो. घड्याळ का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं. "घड्याळाला काय माहीत मी काय बघून राह्यले!" हे उत्तर.

आणि फिल्मचे रोल तांदळात. ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात खोल पुरलेले. त्या आजारी होत्या म्हणून एकदा मी मोठ्या हौशीनं त्यांच्यासाठी खिचडी टाकायला गेले, तर मापटं भरून तांदूळ पातेल्यात ओतले आणि त्यातून औरंगाबादहून आणलेला कोरा रोल टुणकन पाण्यात. बाई अंथरुणातून ओरडल्या, "वाजलं काय ते?" मी म्हटलं, काही नाही, हरभरा असेल. ताप उतरल्यावर त्यांनी तो हरभरा शोधून काढला. चिडल्या नाहीत. महिनाभर मला 'खिचडीवाली' म्हणत राहिल्या, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर!

पण बाई खऱ्या कळायच्या त्या पंगतीत.

महिन्यातून एका रविवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची आणि जुने कॅमेरे बाळगणारी दोन-तीन डोकी भिंतीला पाठ लावून ओळीत बसायची, अगदी जेवायला बसल्यासारखी. एक रेल्वेतले गार्डसाहेब. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून आयुष्य गेलेलं, त्यामुळं त्यांच्या सगळ्या फोटोंत गावं, माणसं, फाटकं, सगळं मागं मागं जाणारं. दुसरे कापडाचे व्यापारी, त्यांना सगळे शेटजी म्हणायचे. त्यांच्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागे आणि आत डावं-उजवं उलटं दिसे. ते लोकांना "जरा उजवीकडं सरका" म्हणायचे आणि शहाणी माणसं सरकत सरकत फोटोतून बाहेर जायची. शेटजींबरोबर त्यांच्या आई, आम्हा सगळ्यांच्या आजी, यायच्या, जाड भिंगाचा चष्मा लावून. फोटोशी त्यांचा काही संबंध नव्हता. "घरी माझ्याशी कोण बोलून राह्यलं? हितं निदान माझी पाळी येती," असं त्या सांगायच्या.

पंगतीचा नियम असा. प्रत्येकाचे नवे फोटो एका टोकाकडून वाढले जायचे. फोटो हातात आला की त्यात जे दिसतं त्यातली एक गोष्ट सांगायची आणि मगच पुढच्याच्या हातात द्यायचा. आधीच्यानं सांगितलेलं परत सांगायचं नाही. 'छान' म्हणायला सक्त मनाई. "छान म्हणणारा बघत न्हाई, उठायच्या तयारीत असतो," असं बाईंचं मत. आणि ज्यानं फोटो काढला त्यानं गप्प बसायचं. त्यासाठी बाई त्याच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा घालायच्या. फोटो ओळीच्या शेवटापर्यंत पोचेपर्यंत खडा चावायचा नाही. गार्डसाहेबांसारखा बोलका माणूस गाल फुगवून, हातवारे करत, डोळ्यांनी 'अहो तसं नाही ते' म्हणत बसलेला बघणं हीच एक करमणूक होती. पहिल्या पंगतीला मी हसून हसून ठसका लागून बाहेर गेले. दुसऱ्या पंगतीला मला कळलं की ही माणसं एकेका फोटोत जे बघतात त्याच्या चौथाईसुद्धा मी रस्त्यानं जाताना बघत नाही.

आता माझ्या फोटोची गोष्ट.

लहानपणी माझ्या अंगावर आधण सांडलं होतं. अण्णा चुलीवरचं कढत पाणी न्हाणीकडं नेत होते आणि मी पळत येऊन त्यांना धडकले. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत भाजलं. धडक माझी होती, पण हे अण्णांनी कधी मानलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना माझ्या उजव्या खांद्याशी बोलायचे. घरात तो विषय नाहीच. माझी माय तर भाकरी करपली तरी "जास्त झाली" म्हणायची, 'भाजली' हा शब्द माझ्यासमोर उच्चारायची नाही.

लग्नाचं वय झालं तसं अण्णांनी मला एका स्टुडिओत नेलं. तिथला माणूस निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करून देवीचे व्रण, मुरमं, काय वाटेल ते घालवायचा. त्यानं माझा गाल असा गुळगुळीत केला की मलाच ती मुलगी आवडली. तो फोटो स्थळांकडं जायचा. मुलाकडचे खूश होऊन यायचे, पोहे यायचे, मी यायचे. मुलाची आई फोटोकडं बघायची, मग माझ्या गालाकडं, मग आढ्याकडं. आमच्या आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण जिल्ह्यातल्या बऱ्याच बायकांनी ते नीट बघून घेतलंय. अण्णांचं म्हणणं, आधी माणसं येऊ तर देत, पोरीचा स्वभाव बघतील, हाताची चव बघतील. चवीपर्यंत कुणी पोचत नव्हतं.

मग कुंभार पिंपळगावचं एक स्थळ निघालं. अण्णा मुद्दाम जालन्याला येऊन सांगून गेले, "हे शेवटचं. न्हाई जमलं तर नोकरीचा राजीनामा दे आन् घरी ये. अंबडकडच्या त्या बिजवराला मी हो म्हणून टाकतो." तो बिजवर म्हणजे पहिली बायको गेलेला, माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा, आणि दोन पोरांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून उघड शोधत फिरणारा माणूस. मला टंकयंत्र आवडत होतं, माझी खोली आवडत होती, रविवार आवडत होते. हे सगळं त्या एका फोटोवर टांगलेलं.

स्टुडिओतला तो फोटो मी पाकिटात घालत होते तेव्हा बाई खोलीत आल्या. "ही कोण?"

"मी."

त्या फोटो घेऊन उजेडात गेल्या. परत आल्या, पेशंटची धरावी तशी माझी हनुवटी धरली आणि डावा गाल खिडकीकडं वळवला. "मंग हिच्या अंगावर आधण सांडलं न्हाई व्हय? हिचं लगीन खुशाल लावा. तुझं काय?"

मी भडकले. म्हटलं, "तुम्हाला बोलायला काय जातंय बाई? लग्न माझं अडलंय."

"अडलेल्या बायाच सोडवल्यात मी जलमभर. बस तिथं."

आणि खरंच स्टूल खिडकीपाशी ठेवलं. मी सवयीनं उजवा गाल पुढं करून बसले. बाई कॅमेरा उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. मी वळले, त्या परत फिरल्या. असं दोन-तीनदा झाल्यावर मला हसू फुटलं आणि मी समोर बघितलं. "हां. आता हसू बी नको, रडू बी नको," त्या म्हणाल्या. मनगटावर बोटं ठेवून कितीतरी वेळ बसून राहिल्या. "तुझ्यापायी माझी नाडी जल्दी जल्दी पळून राह्यली. उतरू दे जरा." मग कधीतरी खटका वाजला.

पुढची पंचाईत वेगळीच. रोल संपल्याशिवाय बाई तो धुवायच्या नाहीत. अर्धवट रोल कापणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पाप. स्टुडिओचं पाकीट मी बाजूला ठेवलं होतं आणि इकडं अण्णांना घाई. मी विनवण्या केल्या तर कॅमेराच माझ्या हातात दिला. "उरलेले तू काढ. पण बघून काढ, नुसता रोल संपवायला म्हणून बिलकुल न्हाई." मग मी बघत फिरले. न्हाणीतला तांब्याचा बंब काढला, दोरीवर फुगलेली चादर काढली, शेजारची म्हातारी सुपात तूर निवडत होती ती काढली. एकदा रोल पुढं सरकवायला विसरले, तर चादरीवरच म्हातारी आली. बाईंनी अडगळीच्या खोलीला गोधड्या लावून अंधार केला, रोल धुतला आणि फोटो छापले. निगेटिव्हएवढेच, तळहातावर मावतील असे. माझा फोटो मात्र मला दाखवला नाही. "पंगतीत बघ," म्हणाल्या.

पंगतीच्याच रविवारी अण्णा फोटो न्यायला भोकरदनच्या गाडीनं आले. बाईंनी त्यांना दारातच सांगितलं, "पंगतीला बसल्याबिगर इथं कुणाला काही भेटत न्हाई." अण्णा टोपी काढून ओळीच्या शेवटी बसले. बाईंनी स्वतःच्या तोंडात खडा घातला आणि एक माझ्या तोंडात. फोटो बाईंनी काढलेला, पण मीही गप्प बसणं भाग होतं, हे मला आपोआप समजलं.

शेटजींनी फोटो घेतला. कापडाचा माणूस, तो कापडच बघणार. "पदराला पिन लावलेली हाय. वाकडी."

गार्डसाहेब म्हणाले, "खिडकीची कडी उघडी हाय."

मग आजींनी घेतला. फोटोला नाक लागेल इतका जवळ. आजी म्हणाल्या, "भाजलेलं हाय. कानापासून खाली हनुवटीवर." आणि फोटो पुढं दिला.

बस, एवढंच. इतक्या वर्षांत माझ्यादेखत कुणी तो शब्द उच्चारला नव्हता आणि आजींनी तो पिन आणि कडी यांच्या ओळीत नेऊन बसवला. आता मी रडणार, असं मला वाटलं होतं. रडले नाही. उलट कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून बाजूला ठेवल्यासारखं हलकं वाटलं.

फोटो अण्णांच्या हातात होता. ते बघत राहिले. शेवटी म्हणाले, "आधण माझ्या हातात व्हतं."

बाईंच्या तोंडात खडा. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी मान खाली घातलेली. मग गार्डसाहेबांनी पुढं सरकून अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, ते फोटोत न्हाई. फोटोत काय हाय ते सांगा."

अण्णांनी परत बघितलं. खूप वेळ. आणि म्हणाले, "पोर माझ्याकडं बघून राह्यली."

मग त्यांनी फोटोवरून नजर उचलली आणि माझ्याकडं बघितलं. खांद्याकडं नाही, माझ्याकडं. लहानपणानंतर पहिल्यांदा.

अण्णांनी तोच फोटो कुंभार पिंपळगावला पाठवला. तो आठवड्याभरात परत आला, पत्रिका जमत नाही म्हणून. हे सांगायला अण्णा स्वतः आले तेव्हा मी ओळखलं, आता पिशवी उचलायची. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. थेट बाईंकडं गेले आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, ह्याच फोटोचे अजून निघतील का? हाय तस्से." निघतील, बाई म्हणाल्या. जाताना अण्णा मला म्हणाले, "नोकरी कर तू. फिकीर नको करू." बिजवराचं नावसुद्धा त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

बाईंचं आणि माझं नातं पुढं अनेक वर्षं टिकलं. मी स्वतःचा एक जुना कॅमेरा घेतला, माझ्याही तोंडात रीतसर खडीसाखर पडू लागली. गार्डसाहेबांची बदली झाली, आजी गेल्या, पंगत विरळ होत गेली. पुढं तासाभरात रंगीत फोटो धुऊन देणारी यंत्रं आली तेव्हा मी बाईंना मुद्दाम दाखवायला नेलं. काचेतून त्यांनी ते धडाधड बाहेर पडणारे फोटो बघितले आणि म्हणाल्या, "हे तर भजे हायत. टाकले की निघाले." शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले की त्या विचारायच्या, येताना काय काय दिसलं. मी गाडीत बसल्यापासून बघत बघत यायचे, सांगायला हवं म्हणून. आजही कुठून घरी आले की मनात तयारी असते, कुणी विचारणारं नाही तरी. माझ्या आयुष्यात मला बघायला शिकवणारं माणूस एकच, आणि त्याहून मोठं म्हणजे, मी लोकांच्या नजरेला नजर देऊ शकते ती त्या माणसामुळं. हे उपकार मी त्यांच्यासमोर कधी बोलू शकले नाही. बोलले असते तर त्यांनी मला 'खिचडीवाली' म्हणून उडवून लावलं असतं.

पण बाई मला सगळ्यात जास्त आठवतात त्या आमच्या गावच्या घरात बसलेल्या. अण्णांनी तो फोटो पुन्हा मागितला त्याला वर्ष झालं असेल. तो फोटो बघून जाफराबादकडची एक मंडळी मला बघायला येणार होती. अण्णांचा निरोप आला, येताना बाईंना घेऊन ये. बाई पांढरं पातळ नेसून, पाव्हण्यांच्या बरोबरीनं जाजमावर बसल्या.

मी पोहे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईनं पिशवीतून फोटो काढला. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं. मग मुलाकडं वळून अगदी सहज म्हणाल्या, "फोटोत हाय तश्शीच हाय की रं पोरगी." एवढं बोलून त्यांनी पोह्यांची बशी पुढं ओढली.

अण्णा पाणी आणतो म्हणून उठले आणि मागच्या दारानं गोठ्याकडं गेले. पाण्याचा भरलेला तांब्या जाजमावर समोरच होता. पाहुणे एकमेकांकडं बघू लागले, मुलाचे वडील उठायला लागले.

"खा तुम्ही," बाई म्हणाल्या. "येतील ते. जरासा वेळ लागंल त्यांना."